राखेतली सळई

साकोलीला बसस्थानकाबाहेर चहा घेत होतो. शेजारच्या बाकावर दोन माणसं. एकाच्या भाच्याची मांडी मोडली होती आणि त्याला कुठं न्यायचं याची चर्चा चालली होती. दुसरा म्हणाला, "सरकारीत नोको नेऊ बाप्पा. मांगं तिथं एक डाक्टर होता, मसणातल्या सळया आणून लोकाच्या पायात घाले."

मी कप खाली ठेवला. "कोणाच्या पायात घातली? नाव सांग."

"आयकलं हाये जी."

"कोणापासून आयकलं?"

"सगळेच म्हणतात."

मी पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला आणि नडगीवरचा लांब वण दाखवत पाय त्यांच्या बाकावर ठेवला. "हा पाय त्या डाक्टरचा हाये. वास घेऊन पाह्य, मसणाचा येते का."

त्यांनी एकमेकांकडं बघितलं. म्हातारा सणकी दिसते, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. मी चहा तसाच टाकून उठलो. इतकी वर्षं झाली, तरी हे वाक्य या भागातून मरत नाही. जो बोलतो त्यानं डॉक्टरला पाहिलेलं नसतं. जो ऐकतो तो पुढं आणखी कोणाला तरी सांगतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मी बैलांचा व्यापारी, लिहिणारा माणूस नाही, आणि रागावल्याशिवाय मला या विषयावर बोलता येत नाही. राग लोकांवर तर आहेच. त्या डॉक्टरवरही आहे.

त्यांचं नाव हिरवे. सोलापूरकडचे. भंडारा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात ते हाडांचे डॉक्टर म्हणून आले तेव्हा सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. दवाखाना कोणता ते लिहीत नाही. बुटका माणूस, मनगटं मात्र लोहारासारखी. शर्टाचं गळ्याचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं. चष्म्याची काडी तुटली होती, ती त्यांनी दवाखान्यातल्या पट्टीनं बांधली होती, आणि जोवर मी त्यांना ओळखत होतो तोवर ती तशीच राहिली. दुसऱ्याचं मोडलेलं एवढ्या निगुतीनं जोडणारा माणूस स्वतःच्या बाबतीत असा गचाळ.

माझी ओळख झाली ती अड्याळच्या बाजारामुळं. ट्रकमध्ये जोडी चढवत होतो, फळी सरकली, बैल माझ्या पायावर आला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर. आमच्याकडं अशा वेळी माणूस आधी हाड बसवणाऱ्या वैदूकडं जातो, बांबूच्या कामट्या बांधून घेतो, आणि पाय काळा पडला की मग दवाखाना आठवतो. मी वाचलो कारण ट्रकला दवाखान्याच्याच रस्त्यानं जायचं होतं.

एक्स-रे बघायच्या पेटीचा दिवा गेलेला होता. नवा येणार, येणार म्हणून कधी आला नाही. म्हणून हिरवे डॉक्टर फिल्म घेऊन व्हरांड्यात यायचे आणि ती आभाळासमोर धरायचे. नातेवाईक, शेजारच्या खाटेवरचे, पान खायला बाहेर आलेले, सगळे त्यांच्याभोवती गोळा. ते कोणाला हाकलत नसत. "हे बघा. हा वरचा तुकडा, हा खालचा. दोघांची तोंडं दोन दिशांना. मी फक्त त्यांना समोरासमोर बसवून मधे पट्टी ठोकणार, उठून जाऊ नयेत म्हणून. जुळायचं ते तेच जुळतील."

मला शुद्ध होती आणि घासाघिशीची सवयही होती. मी विचारलं, "किती दिवस लागन जी?"

"पाय टेकायला तीन महिने."

"तीन लय होते. दोन करा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "बरं. दोन."

मला आनंद झाला. सौदा पहिल्याच फटक्यात पटला म्हणजे अजून कमी मागायला हवं होतं, असंही मनात आलं. मग ते म्हणाले, "फक्त तेव्हा पाय सगळा न्यायचा नाही. एक तुकडा घरी ठेवून जायचं."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ते खाटेजवळ आले. माझ्या उशाशी दुपट्टा होता, तो उचलून म्हणाले, "हा कशाला लागतो?"

मी सांगितलं. बैलांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला कळत नाही. त्यांना ते करून बघायचं होतं. मी त्यांचा हात धरला, बोटं दाबली. त्यांनी उलट दाबली. हसले. मग दुपट्टा घडी करून सिस्टरच्या हातात दिला. "कपाटात ठेवा. कुलूप लावा."

"काहून जी?"

"याच्याशिवाय तू बाजारात उभा राहणार नाहीस. उभं न राहणं हेच तुझं औषध आहे."

ही त्यांची पद्धत होती. हाड जुळायच्या आत हा माणूस कशापायी उठून उभा राहील, ते नातेवाइकांकडून काढून घ्यायचे आणि ती वस्तू गहाण टाकायचे. त्या कपाटात सायकलची किल्ली होती, दंडारीत नाचणाऱ्या एकाचे घुंगरू होते, एका बाईची डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची चुंबळ होती. चुंबळ कोणालाही फडक्याची करता येते. पण ती बाई म्हणायची, "माही चुंबळ डाक्टरपाशी हाये न, मी कशी उचलू?" आमची माणसं अशी. कागदावर लिहिलेलं पाळणार नाहीत, पण गहाण टाकलं म्हणजे टाकलं.

एरवी हा माणूस कोणाला भ्यायचा नाही. बैलाला मात्र भ्यायचा. माझा पाय बरा झाला त्या वर्षी पोळ्याला मी माझी सगळ्यात देखणी जोडी सजवून त्यांच्या क्वार्टरसमोर नेली. झूल, शिंगांना बेगड, सगळं. डॉक्टर व्हरांड्यातल्या स्टुलावर चढून उभे. "व्यापारी, लांब घे त्यांना! अजून लांब!"

"गरीब हायेत जी. लेकरावानी."

"त्यांचे खूर मी रोज बघतो," ते स्टुलावरून ओरडले, "लोकांच्या पायांवर!"

आता सळईचं सांगतो. मांडीचं हाड मोडलं की ते त्याच्या पोकळीतून लांब पोलादी सळई ठोकत. लाखांदूरकडच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी अशी सळई घातली होती. म्हातारा चांगला चालायला लागला, आणि पुढं कधीतरी तापानं गेला. त्याची दोन पोरं एके दिवशी दवाखान्यात आली, डोकी भादरलेली. मी पाय दाखवायला गेलो होतो, समोरच बसलो होतो. थोरल्यानं धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. आत सळई. राख सावडताना निघालेली. घासूनपुसून लख्ख केलेली, हळदीचं बोट लावलेली.

"सरकारी वस्तू हाये साहेब. जमा करून घ्या."

कारकून आधी घाबरला, मग खेकसला. "अशी वस्तू जमा करायचा नियम नाही. घेऊन जा."

"घरी कशी नेऊ जी? घरी ठेवली तं बाप घरीच रायते."

हिरवे डॉक्टरांनी सळई उचलली आणि टेबलावर आडवी लोटली. ती गडगडत सरळ टोकापर्यंत गेली. "तुमचा बाप शेवटपर्यंत चालत होता?"

"चाले न जी! तळ्याच्या पाळीवर जाऊन बसे. तापानं पडला त्याच्या आदल्या दिवशी बांध्या पाहून आला धानाच्या."

त्या माणसाच्या तोंडावर मी एवढा आनंद दुसऱ्या कशानंही आलेला पाहिला नाही. लोक चिन्नोर तांदूळ आणून द्यायचे, तो न बघता वॉर्डाच्या स्वयंपाकघरात पाठवून द्यायचे. हार आणला तर चिडायचे. ही सळई मात्र त्यांनी स्वतःच्या टेबलावर ठेवली, कागद उडू नयेत म्हणून.

मी तेव्हाच म्हणालो, "हे इथं नोका ठेवू. लोक पाह्यतात."

"पाहू देत. किती सरळ राहिली आहे बघ, एवढा माणूस पेलून."

"बाजारात जे दिसते त्याचीच गोष्ट बनते, डाक्टरसाहेब."

"हा बाजार नाही."

इथं माझा त्यांच्यावरचा पहिला राग. माणसं जिथं जमतात तो बाजारच असतो. एवढं शिकलेल्या माणसाला ते कळू नये?

मग सोमा आला. एकोडीचा. आमच्याकडं बैलगाड्यांच्या शर्यतीला पट म्हणतात, आणि त्यात गाडी हाकणारा तो धुरकरी. सोमा धुरकरी होता. जोडी रामाजी पाटलाची. ते बैल सोमाशिवाय कोणाच्या हाताखाली धावत नसत, हे मी व्यापारी म्हणून सांगतो. मी स्वतः ती जोडी मागितली होती, आणि पाटील म्हणाला होता, "सोमा संगं घेशील तं घे." सरावात गाडी उलटली, सोमाच्या मांडीचे दोन तुकडे झाले. हिरवे डॉक्टरांनी सळई घातली. नवी, दवाखान्याच्या भांडारातून आलेली, सिस्टरनं स्वतः पुडक्यातून काढलेली. सोमाची तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकाला आर लावलेली काठी, कपाटात गेली.

घरी सोडताना डॉक्टरांनी पाटलाला समोर बसवलं, एक तार घेतली आणि ती पुन्हा पुन्हा वाकवून दाखवली. तुटेपर्यंत. "पाटील, आत हाड तयार होतंय. आधी मऊ, मग घट्ट. ते घट्ट होईपर्यंत सगळा भार या सळईवर. मी सांगितल्याशिवाय याला गाडीवर उभा करायचा नाही."

"का बात करता साहेब," पाटील म्हणाला. "माह्या लेकरावानी हाये तो."

लेकरासारखा! जत्रेचा पट आला, आणि पाटलानं त्या लेकराला नवी तुतारी घेऊन दिली. सोमाची बायको यशोदा आडवी आली होती. तिला सांगितलं, "फक्त उभा रायन. बैलाले त्याचा आवाज पायजे." धावत्या गाडीवर फक्त उभा राहणं! मी त्या पटाला होतो. मी ओरडलोही. पण पटाच्या गर्दीत माझा आवाज कोण ऐकतो? जोडी पहिली आली. गुलाल उधळला. सोमाला गाडीवरून उतरवलं तेव्हा त्याची मांडी धनुष्यासारखी वाकली होती.

दवाखान्यात आणला. हिरवे डॉक्टर फिल्म घेऊन व्हरांड्यात आले, आभाळासमोर धरली. त्या दिवशी त्यांनी कोणाला काही समजावलं नाही. आतली सळई वाकली होती आणि जुळत आलेलं हाड पुन्हा फुटलं होतं.

आता पाटलाला कोणीतरी दोषी हवा होता. आणि टेबलावर ती म्हाताऱ्याची सळई होती. बस. दुसऱ्या दिवशी बाजारात सुरू झालं. डॉक्टर जळालेल्या सळया घालते. आगीनं नरम झालेलं लोखंड, म्हणून वाकलं. मी ज्याला त्याला विचारत होतो, "अरे, ती सळई अजून टेबलावर पडली हाये. तीच सोमाच्या पायात कशी रायन?" लोक म्हणायचे, "एकच असन कायले? अशा कितीक असतीन." ज्यांच्या घरातली माणसं त्यांनी उभी केली होती, ती माणसंही मान हलवत होती. पाटील मोठा, त्याच्याकडं विहीर, त्याच्याकडं ट्रॅक्टर.

वर तक्रार गेली. एक साहेब चौकशीला आला. त्यानं टेबलावरची सळई उचलून विचारलं, "ही कुठून आली?"

हिरवे डॉक्टर म्हणाले, "चितेतून."

एवढंच! मला सिस्टरनं सांगितलं तेव्हा मी डोक्यावर हात मारून घेतला. दोन पोरांचं सांगायचं, त्यांना लाखांदूरहून बोलावून उभं करायचं. मी जीप पाठवली असती. हा माणूस एका शब्दात मोकळा झाला, कारण साहेबानं विचारलं तेवढ्याचंच खरं उत्तर द्यायचं, एवढंच त्याला माहीत. साहेबानं तो शब्द लिहून घेतला. बदलीचा हुकूम आला. डॉक्टर कुठं तरी कोकणाकडं जाणार, त्यांच्या जागी नवा येणार, आणि त्या नव्या डॉक्टरनं वाकलेली सळई कधी काढलेली नव्हती. सोमा वजनं बांधलेला पाय घेऊन खाटेवर पडून. सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली की हे असंच राहिलं तर पाय आखूड आणि वाकडा जुळेल, आणि सळईनं आतून कातडी फाडली तर पायच जाईल.

मी डॉक्टरांच्या क्वार्टरवर गेलो. ते ट्रंक भरत होते.

"डाक्टरसाहेब, आता तुमच्या हातात हुकमाचा पत्ता हाये," मी म्हणालो. "पाटलाले सोमा पायजे. सोमाशिवाय जोडी म्हणजे नुसते दोन बैल. त्याले सांगा, आधी तक्रार मांगं घे, मंग ऑपरेशन."

"आणि त्यानं नाही घेतली तर?"

"घेईन जी. मी त्याले ओळखतो. दोन दिवस ताणन, मंग येईन."

"नाही घेतली तर?"

मी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"मग सोमाचा पाय मी तुझ्या दुपट्ट्याखाली धरून बसू?"

मी भडकलो. म्हणालो, ज्यांनी तुमचं नाव मातीत घातलं त्यांचंच काम फुकटात करून देता! उद्या तेच म्हणतील की डॉक्टरनं चूक कबूल केली म्हणून दुरुस्त करून दिली. मी आवाज चढवला तसा त्यांनीही चढवला. शेजारचे बाहेर आले. शेवटी ते म्हणाले, "ओरडून झालं असेल तर बाजारात जा. लोखंड कापायच्या करवतीची पाती आण. नवी. जितकी मिळतील तितकी." मी पाती आणली. ती दवाखान्यात त्यांच्या टेबलावर आदळली आणि निघालो, तर वॉर्डातून पाटलाचा आवाज.

"या डाक्टरले माह्या माणसाले हात लावू देणार नाही! ते सळई पुरावा हाये!"

यशोदा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती बाई मोठ्या माणसासमोर पदर तोंडावरून काढायची नाही. त्या दिवशी काढला. "माणूस माहा हाये, पाटील. जोडी तुमची. तुमी जोडी पाहा." आणि सिस्टरला म्हणाली, "अंगठा कुठी लावू, बाई?"

आम्ही व्हरांड्यात बसलो. आतून करवतीचा आवाज येत होता, खर्र खर्र, मधेच थांबायचा, पातं तुटल्याचा टणत्कार, पुन्हा सुरू. वाकलेली सळई तशी ओढून निघत नाही. मांडी उघडून ती वाकल्या जागी कापावी लागते, मग एक तुकडा कमरेकडून काढायचा, दुसरा मधून. सोमाला पाठीत इंजेक्शन दिलं होतं, म्हणजे तो जागा होता. सिस्टर नंतर हसत सांगत होती की बऱ्याच वेळानं त्यानं पडद्याआडून विचारलं, "कोनाची गाडी कापून रायले जी?"

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. जाड सळई घातली, म्हणाले, आणि त्याच हातानं पाण्याचा पेला धरायला गेले, तो खाली पडला. मी विचारलं, "जमन का?" ते म्हणाले, "पाय त्यानं स्वतः उचलला तर सांगतो." यशोदा भिंतीला टेकून उभी होती. तिनं पडलेला पेला उचलला, भरला आणि त्यांच्या डाव्या हातात दिला.

बाजारात त्याच दिवशी निघालं, पुरावा गायब केला. मी म्हटलं नव्हतं?

नवा डॉक्टर पदभार घ्यायला आला त्या दिवशी मी ओळखीच्या माणसाची जीप मागून आणली होती. हिरवे डॉक्टरांना रेल्वेवर सोडायचं होतं. निरोपाला कोणी नव्हतं. ज्यांचे पाय त्यांनी उभे केले त्यातला एकही पाय त्या दिवशी दवाखान्याकडं वळला नाही. पाटलाचा ट्रॅक्टर मात्र फाटकाबाहेर उभा, डॉक्टर गेला की नाही याची खात्री करायला. ट्रंक जीपमध्ये चढली, गाडीची वेळ होत आली, आणि डॉक्टरांचा पत्ता नाही. मी रागारागानं आत गेलो.

नवा डॉक्टर कागद घेऊन वॉर्डाच्या दारात ताटकळला होता. हिरवे डॉक्टर सोमाच्या खाटेशी स्टुलावर बसले होते, गळ्याचं बटण लावून, प्रवासाच्या कपड्यांत. यशोदा पलीकडं.

"टाच उचल," ते म्हणाले.

सोमाचं तोंड घामानं भरलं. मांडीचा स्नायू थरथरला. टाच चादरीवर तशीच.

"नाही होत जी."

"उचल."

मी म्हणालो, "साहेब, गाडी चुकन." माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. ना त्या दिवशी आभाराचा शब्द, ना नंतर कधी पत्र. मी बाहेर जाऊन जीपचा हॉर्न दाबून धरला. आतून काही हालचाल नाही, म्हणून पुन्हा खिडकीशी आलो.

टाच चादरीपासून सुटली होती. बोटभर. डॉक्टरांनी तिच्यावर आपला तळहात आडवा धरला होता. सोमानं दात खाल्ले आणि टाच वर येऊन त्या तळहाताला टेकली.

डॉक्टरांनी हात थोडा आणखी वर नेला.

"आता इथपर्यंत," ते म्हणाले.